कुसावहिनी आणि सहाशे चाळीस ब्रश

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.

लासलगावहून खंडेरावचा फोन. तिकडच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा अकरा वर्षं त्याच्या घरात राहिलो. भाडं नावाला, जेवण त्यांच्याच चुलीवरचं. त्याची बायको कुसावहिनी जाऊन ९ डिसेंबरला तिथीने वर्ष होतं. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवायला फोटो नाही. कॅमेरा दिसला की ही बाई तोंडावर पदर घ्यायची. आहे तो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्या फोटोत माणूस स्वतःला तरी कुठे ओळखू येतो. खंडेरावने तो एका फोटोवाल्याला मोठा करायला दिला. त्याने कॉम्प्युटरला सांगून काय केलं कोण जाणे, वहिनी गोऱ्यापान, चाफेकळी नाक, कानात हिऱ्याच्या कुड्या. खंडेराव म्हणाला, गुरुजी, परक्या बाईला हार घालू का मी? तुमी काढा. तिच्यासारखी दिसली पायजे, बास.

पंधरा दिवसांत देतो म्हटलं. खरं तर आठवडा पुरे, पण माणसाने हातचं राखून बोलावं.

सामान तयार आहे. सुनेचा, सविताचा, जुना टॅब आणि त्याचं पेन दिवाळीपासून माझ्याकडेच आहे. सविता घरी बसून मनुक्यांच्या खोक्यांवरची, लोणच्याच्या बरण्यांवरची चित्रं करते. तिला नवा लागला, जुना मला आला.

संकल्प : रोज पहाटे पाच ते सात चित्र. मध्ये चहा नाही.

४ नोव्हेंबर. पहाटे ५.१०.

बसलो. टॅबमध्ये आयते ब्रश आहेत. पहिलाच साधा गोल. त्याने भिंती रंगवाव्यात, माणसं नव्हे.

सकाळी ७.

चेहरा काढला. चहा घेतला (दोनदा). ही येऊन बघून गेली. ही म्हणजे आमची वत्सला. म्हणाली, जात्याची खालची तळी छान आलीये, वरची कधी काढणार.

दोष ब्रशचा आहे. गुळगुळीत रेघ मारतो, जीव नाही. तैलचित्रात कसे फटकारे दिसतात, कॅनव्हासची खरबरीत वीण दिसते. ते या ब्रशच्या बापाला जमणार नाही.

५ नोव्हेंबर.

सापडलं! यूट्यूबवर एक मुलगा टॅबवर म्हातारीचं चित्र काढतो. हुबेहूब तैलरंग. सुरकुती न सुरकुती. खाली त्याच्या ब्रशांची लिंक, फुकट. एकशे वीस. सगळे उतरवून घेतले. नावं वाचूनच हात शिवशिवले : कोरडा डुकराचा केस, जुनं कॅनव्हास, ओला तेलकट, पालथा पंजा.

दिवसभर ते लावून ठेवले. चित्र काढलं नाही, पण कणीक नीट मळली की पोळी आपोआप फुगते.

८ नोव्हेंबर, शनिवार.

केसांचा ब्रश एक नंबर. एक रेघ ओढली की चाळीस केस. वहिनींचा अंबाडा पाच मिनिटांत झाला, वर तेलाची चकाकी.

केस उत्तम झाले आहेत. डोकं नाही.

१० नोव्हेंबर.

सकाळचा वेळ फुकट गेला. चहाला सविता समोर बसली आणि विचारत सुटली, बाबा, कुसाकाकू होत्या कशा दिसायला? तिने त्यांना पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली तोवर आम्ही लासलगाव सोडून नाशिकला आलो होतो. सांगावं लागलं. कपाळ रुंद. कुंकू बोटाने दाबून लावलेलं, त्यामुळे कधी गोल नसायचंच. डावी भुवई मधे तुटलेली, लहानपणी विळा लागला होता. हसल्या की तोच डोळा बारीक व्हायचा, उजवा मात्र उघडाच, जणू एक डोळा हसतोय आणि दुसरा दुधावर लक्ष ठेवून आहे. रागावल्या तरी खालचा ओठ हसायचा. माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकताना म्हणायच्या, मास्तर, शाळेत पोरं मोजा, हितं भाकरी नाय मोजायची.

अर्धा तास गेला. सविता ऐकता ऐकता तिच्या टॅबवर काहीतरी खरडत होती. लोणच्याचं लेबल असणार.

या बायकांना कळत नाही की कलावंताची सकाळ म्हणजे सोनं असतं.

१३ नोव्हेंबर.

आज मी स्वतः ब्रश तयार केला! कशाचाही फोटो घेऊन त्याचा ब्रश करता येतो, व्हिडिओत दाखवलंय. वहिनींच्या कातडीसाठी विचार केला, उन्हात रापलेली, बारीक रेषारेषांची, कशासारखी? कांद्याच्या सालीसारखी! लासलगावच्या बाईला यापेक्षा अस्सल काय? हिच्या टोपलीतला चांगला लाल कांदा घेतला, साल काढली, खिडकीत धरून फोटो काढला. त्याचा ब्रश. नाव दिलं ‘कुसा १’.

गालावर फिरवला. जग हसेल, पण मला अंगावर काटा आला.

संध्याकाळ. सविताने बघितलं. विचारलं, बाबा, काकूंना शेवटी काही त्वचेचा त्रास होता का.

ही म्हणाली, कांदा सोललाय तर आता चिरून द्या.

१६ नोव्हेंबर, रविवार.

यूट्यूबवरच्या त्या मुलाचा नवा व्हिडिओ. म्हणे, मित्रांनो, ब्रशने कोणी चित्रकार होत नाही. मी एकाच गोल ब्रशने काढू शकतो. आधी प्रकाश बघायला शिका, आकार शिका, रोज काढा.

वा रे पठ्ठ्या. मिसळवाला कधी मसाला सांगतो का? म्हणतो, काही नाही हो, घरचंच तिखट. याचा खरा ब्रश याने लपवलाय. प्रतिक्रियेत तसं सभ्य शब्दांत लिहिलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. म्हणजे कबूल.

हिला हे सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना. मी पुढचं बोलूच दिलं नाही. ती म्हण मुळात अन्यायाची आहे. कधी कधी अंगण खरोखर वाकडं असतं. कोणी जाऊन बघितलंय का?

आजपासून खऱ्या ब्रशाचा शोध.

१८ नोव्हेंबर.

पंधरा दिवस झाले. चित्राची प्रगती : केस, एक गाल.

खंडेरावला मीच फोन करून सांगितलं की पंधरा दिवस म्हणजे कामाचे दिवस, रविवार धरायचे नसतात. तो म्हणाला, गुरुजी, सावकाश. पण नऊ तारीख तिथीची हाय, ती काय सरकायची नाय.

१९ नोव्हेंबर.

हाताचा कंप हे खरं कारण होतं. एकाहत्तराव्या वर्षी असायचाच. टॅबमध्ये त्यावर औषध आहे : रेघ आपोआप सरळ करणारी सोय. पूर्ण शंभरावर ठेवली. आता मी रेघ ओढतो आणि ती मागून येते, सासरी निघालेल्या पोरीसारखी, थांबत थांबत. नाक काढायला घेतलं. नाक संपवून मी ओठांवर गेलो तरी नाक येतच होतं.

बंद केली. चालायला गेलो. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तीन चकरा. प्रत्येक बाईच्या नाकाकडे बघितलं. चौथी चक्कर मारली नाही, लोक बघायला लागले.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

ब्रश आता सहाशे चाळीस. ढगांचे वेगळे, पानांचे वेगळे, दगडांचे अठ्ठावीस. दगड चित्रात कुठे आहे असं महेशने, आमच्या मुलाने, विचारलं. महेश, बाळा, लग्नाच्या स्वयंपाकात मीठ पुरेल तेवढंच आणतात का?

दुपार.

टॅब म्हणतो जागा संपली, काहीतरी काढून टाका. फार डोकं चालवावं लागलं. एक मोठी फाइल दिसली, ती काढली. आता हलका झाला, पळतो नुसता.

सायंकाळ.

ती फाइल वहिनींचं चित्र होतं.

असो. ब्रश एकही गेला नाही, देवाची कृपा. नाहीतरी ते केस जरा जास्तच तेलकट झाले होते. नवी सुरुवात म्हणजे नवा जोम. उद्या पहाटे साडेचार.

२३ नोव्हेंबर.

उठलो सव्वासातला. पाऊण डोकं दुखत होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

खंडेरावचा फोन. कुठवर आलं, गुरुजी? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.

शेवटचा हात कॅनव्हासवरून खरंच फिरवत होतो, हे खोटं नाही. कॅनव्हास कोरा होता.

फोन ठेवण्याआधी म्हणाला, फोटोवाल्याचं ते गोरं चित्र परत द्यायला गेलो तर घेतलं नाय त्यानं. बहिणीनं, अक्काबाईनं, त्याची घडी घालून पेटीत ठेवलं. म्हणली, गुरुजींचं नाय आलं तर हेच काढू. गुरुजी, म्या तिला सांगितलं, येणार म्हंजे येणार. त्या दिशी कुसाच्या जागी दुसरी बाई बसली तर मला घास नाय उतरायचा.

मग घरभर फिरलो. दर दहा मिनिटांनी टॅब उघडला, मिटला. जेवणात चव नव्हती. ही म्हणाली, अहो, आता तरी त्या ब्रशांना सोडा आणि बाईचा चेहरा आठवा. मी चिडलो. चेहरा मला पाठ आहे! सोळा प्रकारे सांगेन! हिने विचारलं, मग काढत का नाही. या प्रश्नाला काही अर्थ नाही.

१ डिसेंबर, सोमवार.

कामाचा दिवस! साडी पूर्ण. काठाचा तयार ब्रश मिळाला, ओढत गेलं की काठ छापला जातो, बुट्ट्या आपोआप. हिरवी साडी, लाल काठ, सुताची वीण दिसते, हात लावावासा वाटतो. ब्रशाशिवाय हे सात जन्मांत झालं असतं का? आता गोल ब्रशवाल्यांनी बोलावं.

फक्त एक. हिने बघितलं आणि विचारलं, खंडेरावभाऊजींनी गुजरातीण कधी केली? पदर उजव्या खांद्यावर होता. चुका दिसाव्यात म्हणून चित्र आरशासारखं उलटं करून बघायचं असतं, व्हिडिओत सांगितलंय. मी उलटं केलं आणि तसाच दोन दिवस रंगवत बसलो. सुलटं केलं. पदर जागेवर आला, पण अंबाड्यातलं फूल होतं ते भलत्या कानापाशी गेलं. फूल पुसलं. वहिनी तशाही फूल माळत नसत.

चेहरा उद्या.

२ डिसेंबर. चेहरा उद्या.

३ डिसेंबर. कालच्यासारखंच. नवीन चौदा ब्रश बघितले. उतरवले नाहीत. (सहाच उतरवले.)

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४.

चेहरा झाला!!

पहाटेपासून बसलो. सत्तावीस ब्रश लागले. कपाळाला जुनं कॅनव्हास, गालाला ओला तेलकट, वरून ‘कुसा १’चा हलका हात. लांबून बघितलं तर थेट तैलचित्र. कुठल्याही राजवाड्यात खपेल. डोळे भरून आले. सगळ्यांना हाक मारली.

सविता म्हणाली, साडी सुरेख आहे, बाबा. महेश म्हणाला, फटकारे भारी. ही चष्मा लावून पाच मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, अहो, हे तुम्हीच आहात. कुंकू लावलेले.

हिला मोतीबिंदू असावा. डॉक्टरकडे न्यायला हवं.

रात्री दात घासताना आरशात बघितलं. जास्त वेळ बघितलं नाही.

७ डिसेंबर.

प्रिंट काढून फ्रेम करून आणली. फ्रेम सोनेरी. फ्रेमवाल्याने विचारलं, मोठे बंधू का? त्यालाही मोतीबिंदू. नाशकात साथ दिसते.

८ डिसेंबर, सोमवार. सायंकाळी ६.

सविता खोलीत आली. म्हणाली, बाबा, रागावू नका. त्या दिवशी चहाला तुम्ही सांगितलंत त्यावरून रोज थोडं थोडं करत गेले. तुमचं झालं नसतं तर असावं म्हणून.

टॅब पुढे केला.

कुसावहिनी.

तुटकी भुवई. बारीक झालेला डोळा, दुसरा दुधावर. कुंकू थोडं वाकडं. आत्ता ओरडतील की मास्तर, ताट घ्या.

मी टॅब दिव्याखाली धरला. मग विचारलं, ब्रश कोणता? म्हणाली, पहिलाच, साधा गोल.

सायंकाळी ७.

ती मुलगी वहिनींना एकदाही भेटलेली नाही.

रात्री ८.

महेश सविताच्या चित्राची प्रिंट काढून, साध्या फ्रेममध्ये घालून आला. ठरलं. दोन्ही नेणार. आधी माझं दाखवणार. लोकांना ठरवू द्या. तैलरंगाचा पोत प्रत्यक्ष बघण्याची गोष्ट आहे.

९ डिसेंबर, मंगळवार. परतल्यावर.

महेशने गाडीने नेलं. अंगणात मांडव, भटजी आलेले, पाट रिकामा. खंडेराव पाटाच्या बाजूला बसून होता, हातात हार. अक्काबाई पेटीपाशी.

माझ्या चित्रावरचं कापड सोडलं. खंडेरावने दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, गुरुजी, लय मेहनत केली. साडी तर हाताला लागतीया. पुन्हा म्हणाला, साडी लय भारी. वर काही बघितलं नाही त्याने. मला पाप्याला वाटलं साडीतून नजर निघत नाही. तेवढ्यात अक्काबाई मागून डोकावली. म्हणाली, हे गुरुजींचे भाऊ का वो? कवा वारले?

माणसं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. खंडेराव पाटाकडे बघत होता आणि अक्काबाईचा हात पेटीच्या कडीवर होता.

मग मी सविताचं काढलं.

खंडेराव खालीच बसला. तुटक्या भुवईवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. म्हणाला, आली. अक्का, बघ, आली. अक्काबाईने पेटीला कडी लावली आणि पदराने डोळे पुसले. पाटावर चित्र ठेवलं, हार घातला. खंडेराव उठून माझ्या गळ्यात पडला. गुरुजी, म्हणाला, तुमीच काढू जाणे.

मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तोंड उघडलं तर अक्काबाईने त्यात खीर घातली.

परतताना सगळ्या रस्त्याने आमच्यापुढे कांद्याचे ट्रॅक्टर.

१० डिसेंबर. दुपारी २.

सकाळपासून एका जागी बूड टेकलेलं नाही. तीनदा फोन लावला, तीनदा कापला. संकल्प : जेवल्यावर सांगणार. जेवलो. संकल्प : वामकुक्षीनंतर. झोप आली नाही.

दुपारी ३.

सांगितलं. खंडेराव, ते चित्र माझं नाही. सुनेचं आहे. मी गप्प बसलो, चुकलो.

खंडेराव हसायला लागला. म्हणाला, गुरुजी, ठाऊक हाय की. शाळंच्या भिंतीवर तुमी वाघ काढलेला आजून हाय. पोरं त्याला म्हैस समजून वैरण दाखवत्यात. तीस वरसं बघतोय आमी.

म्हटलं, मग मला का सांगितलंस काढायला? एवढे चित्रकार पडलेत नाशकात.

म्हणाला, त्यांनी तिच्या हातची भाकर खाल्ली व्हती का? मला ठाव व्हतं, हात कुनाचा का आसंना, तोंड तुमीच सांगशाल. डोळा बारका व्हायचा ते सुनबाईला सपान पडलं का?

मग म्हणाला, फकत एक करा, गुरुजी. ते दुसरं चित्र घेऊन जा. अक्का त्याच्यापुढं बी उदबत्ती लावतीया.

सायंकाळी ६.

ब्रश सगळे काढून टाकले. सहाशे शेहेचाळीस. वीस मिनिटं लागली. ‘कुसा १’ काढताना हात जरा थांबला, पण काढला. साधा गोल तेवढा ठेवला, तो टॅब काढूही देत नाही.

सविताकडे गेलो आणि म्हटलं, शिकव. पहिल्यापासून. चेहरा कुठून सुरू करतात? म्हणाली, बाबा, चेहऱ्याला वेळ आहे. आधी अंडं काढा. फ्रिजमधलं एक अंडं आणून वाटीत ठेवलं, खिडकीपाशी. म्हणाली, ऊन कुठून येतं ते बघा, सावली कुठे पडते ते बघा, मग काढा.

दोन तास बसलो. मान वर केली नाही. चहा निवून गेला. एकोणीस अंडी काढली. शेवटच्या दोनांत, मला स्वतःला, बरीच सुधारणा दिसली.

हिला बोलावलं. तिने चष्मा लावला, एकोणीसच्या एकोणीस नीट बघितली. आज पहिल्यांदा मनापासून कौतुक केलं. म्हणाली, बटाटे छान आलेत.